दाब, धर, सोड

लग्नाला चौतीस वर्षं झाली
आणि रविवारी सकाळी, सहकारनगरच्या पार्किंगमध्ये,
आमच्यात तीनच शब्द उरले होते.
दाब.
धर.
सोड.

मी कॉन्टेसाच्या सीटवर, चपला काढून.
भालचंद्र मागच्या डाव्या चाकापाशी, पोतं अंथरून.
मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबचं चाक आधी,
हे त्याने दोनदा सांगितलं,
जसं काही मी विचारलंच होतं.
निपलला सलाइनची नळी, नळीचं टोक लोणच्याच्या बरणीत.
(बरणी माझी. विचारलं नव्हतं.)

दाब म्हटलं की दाबायचं.
धर म्हटलं की धरायचं, पेडल बुडत गेलं तरी.
आणि निपल आवळल्याशिवाय सोडायचं नाही,
नाहीतर गेलेली हवा परत आत.
"सोडलंस?"
"तूच म्हणालास सोड."
"थोडं म्हणालो. थोडं थांब. कान तपासून घे एकदा."
पुन्हा पहिल्यापासून.

आधी उकळून काळं झालेल्या चहासारखं आलं,
मग साबुदाण्याएवढे बुडबुडे,
मग एरंडेलासारखं स्वच्छ, पिवळसर.
चार चाकं. साडेअकरा.
वरून बिडकरांनी विचारलं, "विकताय का अखेर?"
मीच म्हटलं, "गाडी नाही. शेजार."

पेडल आता स्पंजासारखं नव्हतं.
दगड होतं.
गेटपर्यंत नेली. त्याने जवळजवळ उभं राहून दाबलं
तेव्हा कुठे खुर्चीच्या वीतभर अलीकडे थांबली.
खुर्चीत वॉचमन होता.

मग बूस्टरची परीक्षा.
इंजिन बंद. पाचदा दाबायचं, सहाव्यांदा दाबून धरायचं,
आता स्टार्टर मारायचा. पायाखाली पेडल
जरासं खाली बसायला हवं,
जिना चढून आलेलं माणूस खाटेवर टेकतं तसं.
नाही बसलं.
"बूस्टर गेला," तो म्हणाला. "साडेसहा हजार. मिळाला तर."

पण मला ऐकू येत होतं.
इंजिनाच्या अडखळत्या घरघरीखाली एक बारीक सुस्स,
शिटीआधी कुकर करतो तसं.
"हवा जातेय कुठेतरी."
"कुठे? काही नाही."
त्याने बॉनेटखाली डोकं घातलं, आधी डावा कान, मग उजवा.
कुंपणाच्या जास्वंदीवर शिंजीर केव्हाचा चिवचिवत होता.
"हा तरी येतोय का?" मी विचारलं.
"हा कोण?"

दोन वर्षं मी हळू बोलते अशी त्याची तक्रार आहे.

काही बोलले नाही.
त्याचं ग्रीस लागलेलं बोट धरलं,
तापलेल्या लोखंडाला लागणार नाही असं वळवून
बूस्टरच्या नळीखाली नेलं, क्लिपमागे,
जिथे डोळा पोचत नाही.
भेगेने बोट ओढून घेतलं
वासराने ओढावं तसं,
आणि दोन महिने अडखळणारं इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं.
या दोन महिन्यांत त्याने कार्बोरेटर तीनदा उघडला होता.
"अगं," तो म्हणाला.
बोट काढेना.

सोमवारी नाना पेठेत मुफद्दलभाईंनी नळी हातभर कापून दिली.
"पेट्रोलवाली नको, आत चिपटते," ते म्हणाले.
"काय?" भालचंद्र.
त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने, माझ्याकडे बघत.
नळी एकशे ऐंशी, क्लिपा तीस.

संध्याकाळी बोपदेव घाट, सासवडकडून परतताना.
खाली कोंढव्याचे दिवे लागत होते.
वळणावर त्याने नुसता पाय टेकवला
आणि एवढं मोठं धूड नमतं झालं.
"येतोय का आवाज?"
"नाही."
"नीट ऐक."
मी काच खाली केली. टायर, वारा, एक टेम्पो.
"नाही येत," म्हटलं. त्याने मान हलवली,
माझ्या ओठांकडे बघून.
"पुढे बघ," मी ओरडले.

कानाच्या डॉक्टरांचा नंबर मी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय,
नळीच्या पावतीखाली.
सांगणार आहे.
घाट उतरून झाल्यावर.